रिकामी परत आलेली वाटी

उम्म घानिमला कुणी चिक्कू म्हटलं तर ती खुशाल हसायची. उधळी म्हणायची मात्र कुणाची छाती नव्हती. मोसुलची माणसं हाताची घट्ट, हे साऱ्या इराकात चेष्टेनं सांगतात, आणि मोसुलवाले त्यावर चिडत नाहीत, कारण ते खोटं नाही. नदीच्या उजव्या काठाला जुनं शहर, त्यात दगडी घरांची एक चिंचोळी गल्ली, आणि त्या गल्लीतली सगळ्यात घट्ट मूठ उम्म घानिमची. एक काडी पेटवली की तिच्यावर चूल, दिवा आणि नवऱ्याची सिगरेट अशी तिन्ही कामं उरकायची. नवरा गेला तेव्हा शेजारणी म्हणाल्या, चला, खालाची तेवढी काडी जरा कमी जळेल.

पण सप्टेंबर आला की हीच बाई गल्लीची मालकीण. गहू उकडायचे, गच्चीवर वाळवायचे, भरडायचे आणि वर्षभराचं बुरगुल तळघरात भरून ठेवायचं, ही मोसुलची जुनी रीत. त्यातलं उकडण्याचं काम तिच्या हाताशिवाय कुणाचं साधायचं नाही. एक क्षण कमी झाला तर दाणा कच्चा, एक क्षण जास्त झाला तर लगदा. तिच्या घराच्या उजव्या अंगाला बहनाम मास्तरांचं घर होतं. त्यांच्या अंगणात तांब्याचा एवढा मोठा हंडा होता की भिंत बांधायच्या आधी तो आत आणला म्हणून आला. दारातून तो कधी निघालाच नसता. त्यात गल्लीचे गहू रटरटायचे, आणि उम्म घानिम हातात पळी घेऊन उभी.

त्या दिवशी एक नियम होता, आणि तो मोडलेला कुणी पाहिला नव्हता. उकडत्या गव्हाचा वास ज्या घरात गेला, त्या घरात वाटी गेलीच पाहिजे. आणि ती वाटी परत येताना रिकामी येता कामा नये. चिमूटभर मीठ येवो, एक खजूर येवो, नाहीतर पुदिन्याची दोन पानं. तिची ती घट्ट मूठ त्या दिवशी सुटायची. "वासाला काय मी कोंडून ठेवू?" म्हणायची आणि वाढायची.

धनून नावाचं एक कार्टं होतं गल्लीच्या टोकाला. ते तीनदा यायचं, तीन वेगळ्या वाट्या घेऊन, आणि दर वेळी टोपी बदलून. उम्म घानिम तिन्ही वेळा ओळखायची आणि तिन्ही वेळा वाढायची, फक्त तिसऱ्यांदा खरवड. मोठा झाल्यावर धनून कबुतरं विकायला लागला. कबुतरवाल्याची साक्षसुद्धा आमच्याकडे कुणी धरत नाही, आणि हा तर विकायचा तीही दुसऱ्यांची. मग एके वर्षी काळ्या झेंड्याचे लोक शहरात घुसले. महिन्याभरात धनूननं दाढी वाढवली, विजार घोट्याच्या वर घेतली आणि गल्लीत येऊन सांगितलं की आजपासून कबुतरं पाळणं हराम आहे आणि आपलं नाव अबू कअका आहे. नाव लढवय्याचं घेतलं, चाल मात्र तीच राहिली, मान पुढे काढून दुसऱ्याच्या गच्चीकडे बघत चालायची.

बहनाम मास्तर ख्रिस्ती. ते एका सकाळी अंगावरच्या कपड्यांनिशी शहर सोडून गेले. झेंडेवाल्यांनी त्यांच्या घरातून खुर्च्या नेल्या, पंखे नेले, खिडक्यांच्या चौकटीसुद्धा उपटून नेल्या. हंडा तेवढा दारातून निघेना. चौघांनी दोन दिवस खटपट केली, एकाच्या पायावर पडला, मग त्यांनी जाहीर केलं की हंड्याची गरज नाही.

तिसऱ्या वर्षी लष्कर शहर सोडवायला आलं. नदीपलीकडचा डावा काठ आधी सुटला. उम्म घानिमचा मुलगा घानिम तेव्हा कामाला तिकडेच गेलेला; पूल पडले आणि तो तिकडेच राहिला. इकडे घरात उरली चौघं. उम्म घानिम; सून इब्तिहाल; इब्तिहालची दोन महिन्यांची शहद; आणि उम्म घानिमचा धाकटा भाऊ जर्जीस, शाळेच्या कचेरीतून निवृत्त झालेला, एका कानानं बहिरा आणि दुसऱ्या कानाला कायम रेडिओ लावलेला. रेडिओवर रोज एक सेनापती सांगायचा, आता फक्त तीन दिवस.

"ऐकलंस का खैरिया, तीन दिवस," जर्जीस म्हणायचा. उम्म घानिमला नावानं हाक मारणारा तो एकटाच उरला होता; बाकी सगळ्यांसाठी ती उम्म घानिम, म्हणजे घानिमची आई.

"मार्चपासून ऐकतेय. त्याला म्हणावं, शाळेत बेरीज शिकला नाहीस तर तुला टोपी कुणी दिली?"

त्या वर्षी रमजान कधी लागला ते कळलंसुद्धा नाही. रोजे तीन महिने आधीच सुरू झाले होते. लोक गवत उकडून खात होते. उम्म घानिमनं मात्र हिवाळ्यातच ओळखलं होतं. तळघराच्या मागच्या कोपऱ्यात तिनं आणि जर्जीसनं एक आडवी भिंत घातली, वर चुन्याचा गिलावा दिला, धुरानं काळा केला, आणि त्यामागे बुरगुलची मडकी आणि मेंढीच्या शेपटीच्या चरबीची एक बरणी लपवली. रोज दोन मुठी काढायच्या, एक वेळ शिजवायच्या. मोठा वाटा इब्तिहालला. हिशेब साधा होता. इब्तिहालच्या पोटात गेलं तर शहदला दूध. दूध आटलं की शहद गेली. पलीकडच्या गल्लीत तसं तीन घरांत झालं होतं.

झेंडेवाल्यांनी आणखी एक पराक्रम केला होता. वरून विमानं बघतात म्हणून हे रस्त्यानं जाईनात. घराघरातल्या भिंती फोडून, एका घरातून दुसऱ्या घरात वाकून पळायला त्यांनी भोकं पाडली. घरात चूल पेटलेली असो, बाई न्हात असो, हे आपले भोकातून आत आणि दुसऱ्या भोकातून बाहेर. जगाला जिंकायला निघालेली माणसं, आणि चालायची उंदरांसारखी. उम्म घानिमच्या अंगणाला दोन भोकं पडली: उजवीकडे मास्तरांच्या रिकाम्या घरात, डावीकडे हाजी तहसीनच्या घरात. तहसीनचं घर नाक्यावरचं. त्याच्यापुढे रस्ता, आणि रस्त्यापलीकडे नऊ दिवसांपासून लष्कर येऊन ठेपलेलं. तो रस्ता ओलांडला की सुटका. पण नाक्यावर झेंडेवाल्यांचा नेम असायचा आणि ओलांडणारे रस्त्यातच पडून राहायचे.

भोकावर उम्म घानिमनं गोधडी टांगली होती. पण गोधडीनं वास अडतो थोडाच? पहिल्याच दिवशी तिनं बुरगुल शिजवलं, दोन चमचे वाटीत काढले, भिंतीवर दोनदा ठोकलं आणि वाटी गोधडीखालून तहसीनकडे सरकवली.

इब्तिहाल बघतच राहिली. "अम्मा, माझं दूध आटायला आलंय, आणि तुम्ही वाट्या पाठवताय?"

"वास गेला त्यांच्याकडे."

"जाऊ दे की!"

"वास पाठवायचा आणि वाटी नाही पाठवायची, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही. तू तुझं खा."

वाटी परत आली तेव्हा त्यात चिमूटभर मीठ होतं. दुसऱ्या दिवशी सुईत ओवलेला दोरा. मग सुकलेलं लिंबू. मग तहसीनच्या बायकोच्या कुंडीतलं पुदिन्याचं एकच पान. मग एक दिवस वाटीत सदऱ्याचं बटण आलं. जर्जीस हसला, "हाजी आता नागडा बसणार बहुतेक." उम्म घानिम हसली नाही. तिनं ते बटण रुमालाच्या टोकाला गाठ मारून ठेवलं.

आणि मग एका सकाळी वाटी परत आली ती रिकामी. चाटूनपुसून लख्ख, काठाला बोटांचे ठसे.

उम्म घानिमनं वाटी उलटसुलट करून पाहिली.

"काय झालं, अम्मा?"

"पलीकडे तहसीन नाहीये."

"कशावरून?"

"रिकामी आलीय," ती म्हणाली. मग इब्तिहालच्याही लक्षात आलं, आणि तिनं शहदला छातीशी आवळलं. इतके दिवस बोलायचं नव्हतं ते तिनं आता बोलून घेतलं. "झालं समाधान? दिली वाटी? आता येतील ते. माझ्या लेकराचा घास त्या हरामखोरांना दाखवलात तुम्ही!"

उम्म घानिम उठली आणि तिनं गोधडीची कड दगडाखाली दाबली.

दुपारी गोधडी बाजूला झाली.

"अस्सलाम अलैकुम, खाला."

"कोण?"

"अबू कअका."

"असल्या नावाचं आमच्या गल्लीत कुणी नाही. धनून असशील तर ये."

धनून आत आला. खांद्याला बंदूक, पायांत दोन वेगवेगळ्या माणसांचे बूट. "ते नाव आता नाही, खाला."

"आईला विचारलंस? धनून हे युनूस पैगंबराचंच नाव, म्हणून ठेवलं होतं तिनं. तुम्ही त्या बिचाऱ्याची कबरच उडवून दिलीत. नावाची मग काय कथा!" तिनं त्याच्याकडे निरखून पाहिलं. "आज रोजा आहे ना रे? तुझ्या दाढीला शिजलेला गहू चिकटलाय."

धनूनचा हात आपोआप दाढीकडे गेला. "लढणाऱ्याला रोजा माफ असतो."

"बरं. आणि वाट्या चाटणाऱ्याला?"

मागच्याच रमजानात याच धनूननं, दुपारी पाणी प्यायला म्हणून एका साठीच्या चांभाराला चौकात पिंजऱ्यात उभं केलं होतं.

"हाजी तहसीन कुठाय?" तिनं विचारलं.

"नदीकडे हलवलंय सगळ्यांना. त्यांच्याच भल्यासाठी." नदीकडे हलवणं म्हणजे काय ते गल्लीतल्या मांजरालाही ठाऊक होतं. एकेका घरात पन्नास-साठ माणसं कोंबायची आणि आपण त्यांच्याआड बसायचं.

धनूननं तळघरात उतरून भिंतींवर ठोकून पाहिलं, चार हंडे उलटे केले, काही सापडलं नाही. मग तो शहदसमोर उभा राहिला. "खाला, गहू कुठं आहे ते मला सांगू नका. उद्या दुपारी बाहेर काढून ठेवा. नाहीतर तुम्हालाही नदीकडे हलवावं लागेल. बाळासकट."

उम्म घानिमनं एक निःश्वास सोडला. "कच्चं नेऊन काय करणार? तुझ्या त्या लांबलांबच्या सोबत्यांना गहू आणि वाळू यातलं काही कळतं? मीच शिजवते उद्या. मास्तरांच्या हंड्यात. सगळं."

"सगळं?" धनून लहानपणापासून तिला ओळखत होता. "खाला, तुम्ही? सगळं?"

"म्हातारी झाले. डोक्यावर घेऊन जाऊ का कबरीत? किती वाट्या लागतील?"

"चार. म्हणजे चौघं आहोत. पण दोघंदोघं येऊ. नाका उघडा टाकता येत नाही."

"ते तुमचं तुम्ही बघा. मी पळी हंड्यात ठेवून माझ्या तळघरात जाईन. परपुरुषासमोर बाईनं यायचं नाही, हा तुमचाच कायदा ना? मग वाढून घ्या."

धनून खूष होऊन गेला. तो गेल्यावर तिनं इब्तिहालला आणि जर्जीसला सगळं सांगितलं: ते चौघं आपल्या अंगणातून मास्तरांच्या घरी गेले, की आपण उलट दिशेनं तहसीनच्या घरातून रस्त्यावर.

"दोघंदोघं येणार म्हणाला ना तो?" इब्तिहाल म्हणाली.

"म्हणाला. वास सुटला की बघू."

"तीन दिवस थांबलो तर..." जर्जीस म्हणाला.

"तू थांब. सेनापती येईल तेव्हा त्याला चहा दे."

दुसऱ्या दिवशी तिनं गिलावा फोडला. आधी एक पातेलं शिजवलं आणि इब्तिहालसमोर ठेवलं, काठोकाठ. "पुरतं खा. मागे टाकलंस तर याद राख." मग बाकीची मडकी मास्तरांच्या अंगणात नेली. एक मात्र भिंतीमागे ठेवलं. परत यायचं तर घरात काहीतरी नको का? हंड्याखाली मास्तरांच्या दाराच्या फळ्या पेटवल्या. आणि शेवटी चरबीची ती बरणी. आयुष्यभर चमच्याच्या टोकानं वापरायची वस्तू. उम्म घानिमनं बरणी पातेल्यात उलटी केली, उरलेला एक कांदा त्या चरबीत तळला आणि सगळं हंड्यात वरून ओतलं. असा वास त्या गल्लीत तीन वर्षांत सुटला नव्हता. पळीनं हंड्याच्या काठावर तीन ठोके दिले, सप्टेंबरात द्यायची तसे, आणि ती लगबगीनं तळघरात उतरली.

तळघराला अंगणाच्या पातळीवर एक जाळी होती. तिच्यातून फक्त पाय दिसायचे. आधी धनूनचे ते बेजोड बूट आले, त्यांच्यामागे आणखी एक जोडी. उजवीकडे गेले. जरा वेळानं तिसरी जोडी आली, ती धावतच. दोघंदोघं म्हणे.

चौथा येईना.

उम्म घानिम जाळीला नाक लावून बसली. मास्तरांच्या अंगणातून पळी हंड्याला घासल्याचा आवाज येत होता, खरवडल्यासारखा. शहद कुरकुरायला लागली. इब्तिहालनं तिला पाजायला घेतलं, आणि दूध होतं; चुटूचुटू आवाज येत होता. तेवढ्यात डाव्या भोकाशी एक पाय आला, थबकला. लंगडा होता तो. एक पाय अंगणात, एक पाय तहसीनच्या घरात, असा उभा राहिला आणि आपल्या मुलखाच्या भाषेत पलीकडे ओरडला. ती भाषा इथं कुणाला येत नव्हती, पण पोरं वाढवलेल्या बाईला अर्थ सांगायला नको. माझ्यासाठी ठेवा, सगळं संपवू नका. पलीकडून उत्तर आलं नाही. तोंडं भरलेली असणार. मग तो लंगडत, घासत, शिव्या देत अंगण ओलांडून गेला.

तीन वर्षं ही माणसं शहराला स्वर्गाच्या गोष्टी सांगत होती. एका हंड्याला पुरली नाहीत.

"चला," उम्म घानिम म्हणाली.

जर्जीसनं काठी घेतली आणि रेडिओही घेतला. उम्म घानिमनं वाटी घेतली. चौघं भोकातून तहसीनच्या घरात शिरली. कुंडीतला पुदिना सुकून काळा पडला होता. खिडकीत मशीनगन एकटीच रस्त्याकडे तोंड करून उभी होती. इब्तिहालनं शहदचं पांढरं दुपटं काठीला बांधलं आणि चौघं रस्त्यावर आली. जर्जीसला दगडांतून ओढत नेताना उम्म घानिमनं एकदाही वर पाहिलं नाही.

"थांबा!" पलीकडून एक शिपाई किंचाळला. "अंगरखा वर करा! बॉम्बचा पट्टा बांधलाय का बघू!"

उम्म घानिमनं अंगरखा वर केला. "बघ. सत्तर वर्षांचं पोट आहे. यातून एकच बॉम्ब निघाला, तो घानिम. तोही कामाच्या वेळी नदीपलीकडे जाऊन बसला."

शिपायांनी त्यांना आत ओढलं. तिथं एक अधिकारी होता, गुळगुळीत दाढी केलेला, डोळ्यांना काळा चष्मा. "नाक्यावर किती आहेत, खाला?"

"चार."

"चारच?" त्यानं आपल्या माणसांकडे पाहिलं. नऊ दिवस ते तिथं अडून बसले होते, आणि सेनापतीनं रेडिओवर दोनशे सांगितले होते.

"चारच. एक लंगडा आहे. नाक्यावर आता कुणी नाही, बंदूक एकटीच आहे. चौघं मास्तरांच्या अंगणात हंड्याभोवती जेवताहेत. पाच माणसं पाठव आणि कानाला धरून आण. धनूनचा डावा धर, त्याला सवय आहे."

अधिकाऱ्यानं माणसं पाठवली नाहीत. तो यंत्रात काहीतरी बोलला, आकडे सांगितले, आणि सगळ्यांना भिंतीआड बसायला सांगितलं.

"हे काय करतोयस?" उम्म घानिमनं विचारलं. "अरे, घरं आहेत तिथं."

"बसा खाली, खाला."

विमान दिसलंसुद्धा नाही. जमीन उसळली, तोंडात माती आली, आणि धूळ बसायला बराच वेळ लागला. ती बसली तेव्हा मास्तरांचं घर नव्हतं, उम्म घानिमचं नव्हतं, तहसीनचं नव्हतं, पुढची चारही नव्हती. चार भुकेली माणसं आणि एक हंडा, त्यासाठी सात घरं. जो हंडा कुणाला दारातून काढता आला नव्हता, तो त्यांनी काढला.

एका शिपायानं हात वर करून आरोळी दिली. उम्म घानिमनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं हात खाली घेतला.

"एक मडकं राहिलं भिंतीमागे," ती इब्तिहालला म्हणाली. इब्तिहालनं तिच्या मांडीवर शहदला दिलं. शहद झोपली होती; ओठांच्या कडेला दूध सुकलं होतं. कालपासून दोघी नीट बोलल्या नव्हत्या. "अम्मा," इब्तिहाल म्हणाली, "वाटी द्या, धुऊन आणते." उम्म घानिमनं दिली.

संध्याकाळी जर्जीसच्या रेडिओनं सांगितलं की जुन्या शहरात तुंबळ लढाईनंतर एक महत्त्वाचा नाका शूर जवानांनी काबीज केला, शत्रूचे शेकडो ठार झाले, आता फक्त तीन दिवस. जर्जीसनं रेडिओ कानापासून काढला आणि पहिल्यांदाच आपणहून बंद केला.

एक दक्षिणेकडचा शिपाई, पार बसऱ्याकडच्या बोलीचा, त्यांच्यासाठी डब्यातून भात आणि घेवड्याचा रस्सा घेऊन आला. भात गिच्च, रश्शाला चव नाही. उम्म घानिमनं एक घास खाल्ला. "कोण शिजवतं रे हे तुमच्यात? त्यालाच पाठवायचं होतं नाक्यावर, झेंडेवाले आपणहून शरण आले असते." पण डबा इब्तिहालनं आणि तिनं मिळून पुसून संपवला.

मग ती रुमालाची गाठ सोडून बसली. तहसीनचं बटण हातात घेतलं, पाहिलं, आणि पुन्हा गाठ मारून ठेवलं. ते त्याला परत करायचं होतं, तो जिथं असेल तिथं. तिनं आपल्या अंगरख्याच्या बाहीचं बटण दातांनी तोडलं आणि डब्यात टाकलं.

शिपाई डबा घ्यायला आला. "खाला, तुमचं बटण पडलंय यात."

"पडलं नाही," ती म्हणाली. "घातलंय. ने."